ओट्यावरची परकी भांडी

बसची शेवटची पायरी तिला वाटली होती त्यापेक्षा थोडी खाली होती, एवढंच झालं. पाय हवेत पडला, हात पुढे गेला आणि कटकन आवाज आला तेव्हा तिला आधी वाटलं, पिशवीतलं काहीतरी मोडलं. पिशवीत गिऱ्हाइकाचा कोट होता, अस्तर बदलायला घेतलेला. रस्त्यावर बसल्या बसल्या तिने पहिली चौकशी केली ती कोटाची. कोट धडधाकट होता. मग तिला आपलं उजवं मनगट दिसलं, भलत्याच बाजूला वळलेलं, आणि ते आपलंच आहे हे पटायला जरा वेळ लागला. तोवर माणसं जमली होती. कुणीतरी तिचा निसटलेला बूट आणून पायात चढवला, नाडीसुद्धा बांधली. एका बाईने गळ्यातला हिरवा स्कार्फ सोडून तिच्या हाताला झोळी केली आणि गाठ मानेला रुतू नये म्हणून खाली आपला हातरुमाल घडी करून ठेवला. एक उंच माणूस टॅक्सी थांबवून पुढच्या सीटवर बसला, तिला हॉस्पिटलच्या दारात उतरवलं आणि भाड्याचं विचारायच्या आत दिसेनासाही झाला. "अहो, स्कार्फ कुठे आणून देऊ?" हे तिने त्या बाईला टॅक्सीच्या काचेतून ओरडून विचारलं होतं. बाई नुसती हात हलवत होती. पुढच्या दिवसांत दुखण्यापेक्षा हेच तिला जास्त सलत राहिलं. बुटाची नाडी कुणी बांधली ठाऊक नाही, टॅक्सी थांबवणारा माणूस कोण ठाऊक नाही, स्कार्फ कुणाचा ठाऊक नाही. आता हे फेडायचं कुणाकडे?

डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता, पण वाईट नव्हता. त्याने हाड बसवलं, कोपरापर्यंत प्लास्टर चढवलं, बोटं हलवत राहायला सांगितलं. "मनगट मात्र पूर्वीसारखं वळेलच असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "मी शिवणकाम करते," ती म्हणाली, जणू हे सांगितल्यावर तो आपला निकाल बदलणार होता. "हो का? बघू," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. बघू. हा शब्द तिच्या ओळखीचा होता. लहानपणी, आईवडील गेल्यानंतर, तिला एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचवताना दारात उभी असलेली मोठी माणसं हाच शब्द एकमेकांना म्हणायची. मामाच्या घरी एक हिवाळा, मग वडिलांच्या चुलत्यांकडे काही महिने. "ठेवून घ्या, गरीब पोर आहे." "बघू." आणि निघताना तिच्या कानाशी वाकून मामी म्हणाली होती, "शहाण्यासारखी राहा, कामाला येत जा, म्हणजे ठेवतील." मामी दुष्ट नव्हती. तिने आपल्याला जमेल तेवढा खरा सल्ला दिला होता, आणि ही तो अजून पाळत होती. मधल्या काळात केस पिकले, चष्मा लागला, कापडाच्या दुकानातल्या दुरुस्तीच्या टेबलावर बसून पाठीला बाक आला. सल्ला होता तस्साच होता.

घरी पोहोचल्यावर तिने नेहमीसारखी दारावर टकटक केली आणि मग, डाव्या हाताने खटपट करत, किल्ली लावली. ही तिची जुनी खोड. या घराची किल्ली तिच्याकडे ती शाळकरी पोर असल्यापासून होती. काकांनी, म्हणजे ज्यांनी तिला घरात आणलं त्या कुलूपवाल्याने, ती आली त्याच संध्याकाळी आपल्या दुकानात बसून कानशीने घासून बनवली होती आणि दोरीत ओवून तिच्या गळ्यात घातली होती. पण आधी टकटक केल्याशिवाय तिने ती कधी लावली नाही. आतून बाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "ये गं." बाईंना आता जवळजवळ दिसत नव्हतं, पण टकटक करून किल्ली लावणारं माणूस जगात एकच आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. बाई म्हणजे काकांची बायको; काका आता नव्हते. शाळेत शिकवायच्या, ती त्यांच्याच वर्गात होती, शाळा सुटल्यावर फळा पुसायला मागे राहायची, आणि बाईंच्या लक्षात आलं की या मुलीला घरी जायची घाई कधीच नसते. म्हणून शाळेतलं 'बाई' घरातही तसंच राहिलं, आणि 'तुम्ही'ही. त्यांचा सख्खा मुलगा आईला अगं-तुगं करायचा, उलट बोलायचा, ताटात अन्न टाकायचा. ती हे सगळं पाहायची आणि त्याचं ताट गुपचूप उचलून घासायला न्यायची.

दुसऱ्या दिवसापासून भांडी यायला लागली. वरच्या मजल्यावरच्या नर्सने झाकणाच्या भांड्यात वाटाण्याचं सूप दिलं. खालच्या सलूनवाल्याच्या बायकोने बटाट्याचं काहीतरी भाजून, निळ्या काठाच्या थाळीत, सोबत खोलगट भांड्यात दही. चर्चमधल्या म्हाताऱ्या पेटीवादकाने स्वतः जिने चढून पावाची टोपली आणली आणि धाप ओसरेपर्यंत कठडा धरून उभा राहिला. दुकानाच्या मालकाने डबा पाठवला. भावाची, म्हणजे बाईंच्या मुलाची, बायको तर रोजच काहीतरी आणायची. दारात उभं राहून सगळे एकच वाक्य बोलायचे: भांड्याची घाई नाही. आणि भांडी ओट्यावर एकाशेजारी एक जमत गेली, धुतलेली, पालथी, दुसऱ्यांची. ती रात्री पाणी प्यायला उठली की ती ओळ तिच्याकडे बघायची. तिच्या हातून आजवर कुणाचं भांडं रिकामं परत गेलं नव्हतं. हा कुणी घालून दिलेला नियम नव्हता, तिचा तिनेच स्वतःला घातलेला होता. कुणी वाटीभर दिलं तर वाटीत चार अंडी जायची, कुणी केक दिला तर ताटलीत जॅमची बाटली. कुणी शर्टाच्या बाहीला टाका मागितला आणि वर आभार मानले, तर त्या आभारांसाठी ती दुसऱ्या बाहीचंही बटण घट्ट करून द्यायची. भाऊ तिला 'परतफेड' म्हणायचा. "काय परतफेडबाई, आज कुणाचा सूड घेतला?" लग्न दोनदा जमत आलं होतं तिचं. त्यातला एक फुलं घेऊन आला, तर हिने दुसऱ्याच दिवशी त्याच्या शर्टाची झिजलेली कॉलर उलटवून, इस्त्री करून हातात ठेवली. तो बिचारा काय समजायचं ते समजला. हसायला येण्यासारखंच होतं, आणि तीही हसायची. पण आता, प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून छताकडे पाहत पडलं की तिला भीती वाटायची. आणि ती भीती मनगटाची नव्हती. मनगट नाही वळलं तर टेबल जाईल, टेबल गेलं तर पगार जाईल, ते कसंही निभावलं असतं. भीती निराळीच होती आणि या वयात कुणाला सांगायची लाज वाटावी अशी होती. कामाला आलो नाही, तर ठेवतील का?

सकाळी बाई तिच्या अंगातल्या झग्याची बटणं लावायच्या. दिसत नसल्यामुळे त्यांना वेळ लागायचा. त्यांची बोटं आधी वरून खालपर्यंत सगळी काजं चाचपायची, मग बटणं, मग एकेकाची जोडी जुळवायची. ती अवघडून उभी राहायची. बाईंच्या तोंडाला लवंगेचा वास यायचा. "श्वास घे," बाई म्हणायच्या, "शाळेची तपासणी चाललेली नाही." मग केस. बाईंनी फणी फिरवायला घेतली की तिला मानेवर काटा यायचा, आणि डोळ्यांपुढे या घरातली पहिली सकाळ यायची. सगळ्यांच्या आधी उठून, अंधारात झाडू शोधून तिने अख्खं घर झाडून काढलं होतं, कुलूपवाल्याच्या कोपऱ्यातला लोखंडाचा कीससुद्धा. काका उठून आले तेव्हा ती भिंतीला पाठ लावून, झाडू छातीशी धरून उभी होती. काकांनी आधी झाडलेल्या फरशीकडे पाहिलं. मग त्यांनी झाडू हळूच काढून घेतला, तिला खुर्चीवर बसवलं आणि समोर दूध ठेवलं. तिला आठवतं, ती ते दूध प्यायली आणि पेला ताबडतोब धुऊन ठेवला. काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले होते. त्यांना राग आला असावा असं तिला तेव्हा वाटलं.

आणि त्या सकाळीमागून तो बाप्तिस्म्याचा रविवार यायचा, बोलावल्यासारखा. चर्चमध्ये पुढे, पाण्याच्या दगडी भांड्यापाशी, काका आणि बाई आणि मध्ये ती. भाऊ पहिल्या बाकावर पाय हलवत बसलेला. जुने पाळक, गार हातांचे, त्या दोघांना विचारत होते: ही मुलगी देवाने तुमच्या हाती दिली आहे, तुम्ही हिला आपली म्हणून वाढवाल का, ख्रिस्ताच्या घरात हिला हिची जागा दाखवाल का? काका आणि बाई म्हणाले, देवाच्या साहाय्याने, हो. मग पाळकांनी मंडळीला विचारलं, आणि सगळे उठून उभे राहिले, बाकांचा करकर आवाज झाला, सगळे म्हणाले, हो. मग तिची पाळी होती. तिने उत्तर तयार केलं होतं. कितीतरी दिवस झाडताना, भांडी घासताना ती ते मनात म्हणून बघत होती: मी सगळी भांडी घासीन, मी रडणार नाही आणि मी कमी खाईन. ती मान वर करून प्रश्नाची वाट बघत उभी राहिली. तेवढ्यात डोक्यावर गार पाणी आलं, कॉलरमधून पाठीवर उतरलं, पेटी वाजायला लागली, लोक गाऊ लागले, बाईंनी तिला उचलून घेतलं. संपलं. तिला कुणी काही विचारलंच नाही. विसरले असतील, तिने मनाशी ठरवलं. मोठ्या माणसांच्या लक्षात राहत नाही. पण कधीतरी आठवेल, आणि तेव्हा उत्तर तयार पाहिजे.

सुपाचा गोंधळ झाला तो याच सगळ्यातून. ओट्यावरची ओळ तिला सहन होईना. स्वयंपाक तर एका हाताने जमेना. कांदा चिरायला घेतला तो जमिनीवर गडगडत गेला. तेव्हा एका दुपारी, बाई डुलकी घेत असताना, तिने एक युक्ती काढली, जी फक्त तिलाच सुचली असती. नर्सचं सूप बरंच उरलं होतं. ते तिने सलूनवाल्याच्या खोलगट भांड्यात ओतलं, वर झाकण ठेवलं, आणि डाव्या हाताने जिना उतरून देऊन आली. सलूनवाल्याचे बटाटे पेटीवादकाच्या टोपलीत गेले, त्याचा पाव दुकानदाराच्या डब्यात. संध्याकाळी ओटा अर्धा मोकळा झाला आणि तिला कित्येक दिवसांत पहिल्यांदा शांत झोप लागली. पण सलूनवाल्याची बायको पडली मोकळ्या हाताची. तिला सूप इतकं आवडलं की तिने त्यातलं थोडं वर नर्सकडे पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात नर्सचा आवाज घुमला. "अहो, हे तर माझंच सूप! माझंच! दोन घरं फिरून आलं आणि वरून माझ्यापेक्षा चांगलं झालंय!" सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून बाहेर आला. सगळा जिना हसत होता. त्यांच्यात कुणाच्याही मनात तिळभर वाईट नव्हतं. नर्स तर डोळे पुसत होती. आणि ही आपल्या दाराच्या आत उभी होती. तिने दार हळूच लावून घेतलं, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडायला लागली.

बाई भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात आल्या. "नळ बंद कर," त्या म्हणाल्या. "पाण्याने मला फसवता येत नाही. कान शाबूत आहेत माझे." तिने नळ बंद केला. "एवढं काय झालं रडायला? सूप चांगलं होतं म्हणतायत लोक."

"बाई, मनगट नाही वळलं तर?"

"तर नाही वळणार."

"मग माझा काय उपयोग या घरात?"

बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा हात चाचपत निळ्या काठाच्या थाळीवर गेला, तिथेच थांबला. "उपयोग," त्या म्हणाल्या. मग, शिकवायच्या आवाजात, "तुझा बाप्तिस्मा आठवतो तुला?"

"आठवतो. सगळ्यांना विचारलं, मला विचारायचं विसरले." ते तोंडातून निघून गेलं आणि मग तिलाच नवल वाटलं. हे वाक्य तिने कधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

"विसरले? कोण विसरलं?" बाईंनी तोंड तिच्या दिशेला केलं. "अगं, आम्हीच सांगितलं होतं. पाळक म्हणाले, मुलगी मोठी आहे, तिला समजतं, तिलाही एखादा प्रश्न विचारतो. मी म्हटलं, नको. तुझे काका तर त्यांच्याशी भांडलेच. सभ्य माणूस, जन्मात कुणाशी आवाज चढवला नाही, पण त्या दिवशी पाळकांना म्हणाले, तिला काही म्हणजे काही विचारायचं नाही. तिला विचाराल तर ती हो म्हणेल. डोंगर उचलशील का विचारलंत तरी हो म्हणेल, आणि मग जन्मभर डोंगराखाली राहील. हो आम्ही म्हणतो. मंडळी म्हणेल. देवाने तर केव्हाच म्हटलंय. तिला नुसतं उभं राहू द्या."

तिने डाव्या हाताने ओट्यावरचं पाणी पुसायला घेतलं.

"तू नुसती उभी राहिली नाहीस, ते सोड," बाई म्हणाल्या.

"मी उत्तर तयार केलं होतं."

"काय गं?"

तिने सांगितलं. भांडी, रडणं, कमी खाणं. सांगताना तिचा आवाज त्या वयाचा झाला. बाई एकदम हसल्या. "कमी खाईन? तू? मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातले दोन पाव खायचीस!" आणि हसता हसता त्यांनी तिचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. त्या उंचीने आता इतक्या कमी झाल्या होत्या की तिला त्यासाठी गुडघे वाकवावे लागले.

नवल म्हणजे, तिला आधी आला तो राग. दुपारभर ती पडून होती आणि रागावत होती. इतकी वर्षं का नाही सांगितलं? मी झाडत होते, पुसत होते, उसवत होते, शिवत होते, तेव्हा एकदा तरी म्हणायचं होतं. पण म्हटलं नव्हतं असंही नाही, हे तिला हळूहळू आठवायला लागलं, आणि तेच जास्त टोचलं. काकांनी किल्ली दिली होती. दूध पुढे ठेवून बसवलं होतं. बाई हजारदा "बस गं" म्हणाल्या होत्या आणि तिने ते 'बस' कधी कानात शिरू दिलं नव्हतं. आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, ज्याकडे बघायला तिला नको वाटत होतं. प्रश्न विचारलाच नव्हता, तर मग ती आयुष्यभर कशाचं उत्तर देत आली? तिने इतक्या मेहनतीने जपलेली जागा आधीपासूनच तिची असेल, तर ती सगळी मेहनत कुठे ठेवायची? पायरी वाटली होती त्यापेक्षा खाली निघते तेव्हा होतं तसं तिला पुन्हा झालं. बाहेर शेजारची मुलं ओरडत होती. हिरव्या स्कार्फला परक्या अत्तराचा वास होता, अजून गेला नव्हता.

रविवारी ती बाईंचा हात धरून चर्चला गेली. म्हणजे बाईंनी तिचा डावा हात धरला की तिने बाईंचा, हे सांगणं अवघड होतं. प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा, रविवार होता, आणि या दिवशी तिची जागा ठरलेली असायची: मागची छोटी खोली, जिथे नळ होता. पेले भरायचे तिने, तबकात लावायचे तिने, आणि मंडळी भोजनाला बसली की आधीच्या फेरीचे पेले धुवायला घ्यायचे तिनेच. भाकर आणि पेला ती "नंतर घेईन" म्हणायची. पाळकांना वाटायचं, तिला मंडळीतले वडील, म्हणजे भोजन वाटणारे ज्येष्ठ, देत असतील. वडिलांना वाटायचं, पाळक देत असतील. ते नंतर कधी आलंच नव्हतं, आणि कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. खरं कारण असं होतं की या मंडळीत एक जुनी रीत होती. आपला पेला आपण उचलायचा नाही. तबक बाकावरून सरकत येतं, ते शेजाऱ्याने धरायचं, शेजाऱ्यानेच पेला उचलून आपल्या हाती द्यायचा, आपण प्यायचा, आणि रिकामा पेला परत तबकातल्या त्याच्या भोकात ठेवायचा. रिकामा. ते तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. त्यापेक्षा नळ बरा. कृपा हा शब्द तिने हजारो वेळा ऐकला होता, पण अर्धवट लावलेल्या दारातून आणि पाण्याच्या आवाजातून.

आज मागच्या खोलीत भाऊ होता. नळदुरुस्तीचं काम करणारा माणूस, "नळाशी माझी जन्माची ओळख आहे," असं म्हणून त्याने बाह्या वर केल्या होत्या, आणि दाराआडून काचांचा असा काही खडखडाट येत होता की तिचा जीव वर-खाली होत होता. एखादा फुटणार. ती उठायला गेली. बाईंनी न बघता तिच्या झग्याचं टोक पकडलं. "फुटू दे," बाई पुटपुटल्या. नवे पाळक बोलत होते. त्यांना सर्दी झाली होती, ते मधेमधे थांबून नाक पुसत होते. फार मोठं काही बोलले नाहीत. म्हणाले, जगातले करार दोन्हीकडून होतात, एकाने मोडला की दुसरा सुटतो. हा करार तसा नाही. हा देवाने केला, त्याची किंमत त्याच्या मुलाने क्रुसावर दिली, आणि आपल्या नावाने 'हो'ही त्यानेच म्हटलं. आपण तेव्हा तिथे नुसते उभे होतो. उभे तरी कुठले, पडलेले होतो. आता जे आपण करतो, चालतो, राबतो, एकमेकांना धरतो, ते त्याने घरात ठेवून घ्यावं म्हणून नाही. ते घरातलं माणूस घरात वावरतं तसं. मग त्यांना शिंक आली, आणि मंडळीत कुणीतरी "देव बरं करो" म्हणालं, आणि थोडं हसू पसरलं. ती हसली नाही. ती कोरड्या तोंडाने बसली होती, कारण दुसऱ्या टोकाकडून तबक निघालं होतं.

अजून उठता आलं असतं. पाणी प्यायचंय म्हणून, हात दुखतोय म्हणून. हात खरोखरच दुखत होता. तबक एकेका मांडीवरून सरकत येत होतं, पेल्यांची किणकिण जवळ येत होती, आणि तिला वाटलं, आपण पुन्हा त्या दगडी भांड्यापाशी उभ्या आहोत आणि सगळे आपल्याकडे बघतायत. प्रभू, माझ्याकडे काही नाही, ती मनात म्हणाली. एक हातसुद्धा नाही. हे तिने तक्रार केल्यासारखं म्हटलं, आणि उत्तराची वाट पाहिली, आणि काही ऐकू आलं नाही. फक्त तिच्या लक्षात आलं की हे म्हणताना आपल्याला आज खोटं बोलावं लागलं नाही. पलीकडच्या पेटीवादकाच्या नातीने तबक बाईंच्या समोर धरलं. बाईंनी आपला प्यायला, ठेवला, आणि तबक आपल्या मांडीवर घेतलं. आता तिला द्यायचं बाईंनी. त्यांची बोटं पेल्यांच्या कडांवरून फिरायला लागली, रिकामा, रिकामा, रिकामा, भरलेला, तशीच जशी ती सकाळी काजांवरून फिरायची. एक पेला त्यांनी उचलला. तिने डावा हात पुढे केला, पण बाईंना तो दिसला नाही. त्या पेला सरळ तिच्या तोंडाकडे घेऊन आल्या, वाटेत तो तिच्या प्लास्टरवर लागला आणि लाल रस पांढऱ्यावर सांडला.

"सांडलं का गं?" बाई घाबरून कुजबुजल्या.

"थोडं."

"थांब, दुसरा देते."

"नको," ती म्हणाली. "आहे तेवढा पुरे." आणि तिने वाकून बाईंच्या हातातूनच ओठ लावून पेला घेतला. गोड होता, जरासा आंबट, आणि अगदी थोडा. हजारो पेले भरले होते तिने, पण त्या रसाची चव तिला माहीत नव्हती. मग तिने रिकामा पेला डाव्या हाताने घेतला आणि त्याच्या भोकात ठेवला. तो बसला. तिने हात काढून घेतला. त्यात घालण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं, आणि कुणी मागतही नव्हतं. फार मोठं काही वाटलं असं नाही. आतून मोकळं वाटलं, भांडी नेऊन दिल्यावर ओटा दिसतो तसं, आणि मग डोळे भरून आले ते थांबेचनात, आणि या वेळी आवाज दाबायला नळ नव्हता. बाईंनी तिचा गुडघा थोपटला. तिच्या दुसऱ्या बाजूला एक अनोळखी माणूस बसला होता, भिजल्या कोटातला, कदाचित चुकून शिरलेला, रीत माहीत नसलेला. तबक पुढे आलं तसा तो आपणच पेला उचलायला गेला. तिने मान हलवून त्याला थांबवलं, एक भरलेला पेला उचलला आणि त्याच्या हातात दिला. मागच्या खोलीत काहीतरी खळ्ळकन फुटलं.

सोमवारी भाऊ कामावर जाता जाता येऊन ओट्यावरची भांडी घासून गेला. घासली म्हणजे काय, नर्सच्या भांड्याच्या तळाशी वाटाण्याचं एक साल चिकटलेलं तसंच होतं. तिने ते नखाने खरवडायला घेतलं, मग राहू दिलं. दार नुसतं ओढून घेत, भांडं काखेत घेऊन ती वर गेली. नर्स नुकती कामावरून आली होती, टोपीची पिन काढत दारात आली. भांडं हातात घेताच सवयीने तिने झाकण उचललं.

"आज काय घातलंत?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. सूप फार छान होतं," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले. नर्सने रिकाम्या भांड्यात पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, तिच्या प्लास्टरवरच्या लाल डागाकडे पाहिलं. मग ती बाहेर आली आणि तिच्या गळ्यातल्या हिरव्या स्कार्फची गाठ जरा सैल करून दिली. "रुतत होती," नर्स म्हणाली. "हो," ती म्हणाली, "कालपासून." आणि जिना उतरून आली.

दारापाशी आल्यावर डावा हात आपोआप वर गेला. बोटं मुडपलेली, लाकडापासून वीतभर लांब. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली. मग तिने हात खाली घेतला, खिशातून किल्ली काढली. दोरी केव्हाच गेली होती, पण दांड्यावर काकांच्या कानशीच्या रेघा अजून बोटाला लागत होत्या. डाव्या हाताने आधी उलटी फिरली, मग सुलट. दार उघडलं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कोण आहे?" बाईंनी विचारलं. आवाजात जराशी भीती होती. टकटक न करता या दारातून कुणी येत नसे.

"मीच गं," ती म्हणाली. "तू उठू नकोस."